तरवडाचा काढा चालू केला तर शुगरची गोळी बंद करावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. आण्णांचं वय 58, तीन वर्षांपासून शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू, उपाशीपोटीची शुगर 232, एचबीए1सी (मागच्या अडीच-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब सांगणारी रक्ततपासणी) 9.8, पायाला मुंग्या येतात. गावातल्या एकानं सांगितलंय की माळावरच्या तरवडाच्या फुलांचा काढा एकवीस दिवस घेतला की गोळी कायमची सुटते, आणि आण्णांना ते पटलंय, ते गोळी सोडायच्या तयारीत आहेत. तुम्ही विचारलंय की फुलं घ्यायची का साल, किती घ्यायची आणि कधी घ्यायची.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वैद्यकी करतो, तरवड माझ्या रोजच्या वापरातला आहे, त्यामुळं हे सगळं थोतांड आहे असं काही मी म्हणणार नाही. पण फुलं का साल हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाहीच. 9.8 एचबीए1सी असलेल्या माणसानं चालू गोळी सोडून नुसत्या काढ्यावर राहावं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाही राहू. काढा द्यायचाच असेल तर गोळी चालू ठेवून, मोजून, शुगर तपासत देता येईल, तेही त्यांची किडनी, लिव्हर आणि बाकीची औषधं बघून. आता का ते सांगतो. थोडं लांबेल, पण आण्णांना समजावताना तुम्हाला हे सगळं लागणार आहे.

आधी झाड नीट ओळखा, कारण निम्मा घोटाळा इथंच होतो. तरवड म्हणजे आपल्या मुरमाड माळावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला कमरेएवढं ते पुरुषभर उंचीचं वाढणारं झुडूप. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून बाकी सगळं चरून गेलेल्या माळावरही हे हिरवं उभं असतं. पाऊस सरत आला की भरभरून फुलतं, नवरात्रात घटाला माळ घालायला बाया पोरांना माळावर पाठवतात ती याच पिवळ्या फुलांसाठी. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलाटा म्हणून सापडेल, संस्कृतात आवर्तकी. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांना हेच तंगेडू म्हणून माहीत असतं, तेलंगणाचं ते राज्यफूल आहे आणि तिकडं फुलांच्या सणात बतुकम्मा म्हणून फुलांची रास रचतात त्यात ही फुलं लागतातच.

ओळखायची खूण अशी. एका देठावर समोरासमोर आठ ते बारा जोड्या पानं, टोकाला गोलसर. पान जिथं फांदीला चिकटतं त्या बुडाशी बघा, कानाच्या पाळीच्या आकाराची दोन हिरवी पानं देठाला लागून असतात, मोठी असतात, सहज दिसतात, आणि वाळेपर्यंत गळत नाहीत. फुलाला पाच पिवळ्या पाकळ्या, त्यांच्यावर बारीक नारिंगी शिरा. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळली की तपकिरी होते आणि आतल्या बिया बाहेरून उठून दिसतात. ही कानाची खूण नसेल तर ते झाड सोडून द्या, फुलं कितीही पिवळी असली तरी.

एवढं बजावून सांगायचं कारण म्हणजे कासविंदा. तोही याच कुळातला, तोही पिवळा फुलतो, उकिरड्याच्या कडेला, गावठाणात सगळीकडं उगवतो. त्याची पानं चार-पाच जोड्याच, मोठी आणि टोकदार, चुरगळली की उग्र घाण वास येतो, शेंगा तरवडापेक्षा अरुंद आणि लांबट. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, मेंदूचा ताप म्हणून ते बरीच वर्षं चाललं होतं, मग डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्लेल्या निघाल्या, लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हीवर विषाचा परिणाम झालेला. म्हणजे पिवळं फूल, चपटी शेंग एवढ्यावर झाड ठरवून आणलं तर काय होऊ शकतं बघा. बाजारात दुसरा गोंधळ सोनामुखीचा. तीही सेन्नाच, पण जुलाबाची. पुडीवर नुसतं सेन्ना लिहिलेलं असलं तर ते बहुतेक सोनामुखीचं असतं, शुगरसाठी म्हणून ते प्यालं तर जुलाब लागून माणूस आडवा होईल.

आता तरवडानं शुगर खरंच उतरते का. परंपरा जुनी आणि मोठी आहे, यात वाद नाही. तामिळनाडूत याला आवारम म्हणतात, सिद्ध या तिकडच्या पारंपरिक वैद्यकात मधुमेहावर त्याचे काढे आणि चूर्ण आहेत, आवारम फुललेलं असताना कुणी मेलेलं पाहिलंय का अशी त्यांच्याकडं म्हणच आहे. श्रीलंकेत रणवरा नावानं याच्या वाळलेल्या फुलांचा चहा घरोघरी पितात. प्रयोगही झालेत. 2002 साली सिंगापूरच्या एका वैद्यकीय मासिकात फुलांच्या अर्काचा प्रयोग छापून आला, मधुमेह केलेल्या उंदरांची शुगर आणि रक्तातली चरबी त्यानं कमी झाली होती. पण हे उंदीर, त्यांना औषध टोचून मधुमेह केलेला, आणि अर्क वजनाच्या हिशोबानं दिलेला. माणसाला किती फुलं, किती दिवस, कुठल्या गोळीबरोबर याचं उत्तर उंदरांच्या प्रयोगातून निघत नाही. माझ्या पेशंटमध्ये जे दिसतं ते असं की गोळी, खाणं आणि चालणं नीट असलेल्या माणसाला काढ्यानं थोडी मदत होते, वारंवार लघवीला जाणं, तोंडाला कोरड, अंगाची आग ही लक्षणं कमी होतात. 9.8 वरून नुसत्या काढ्यानं 6 वर आलेला माणूस मी बघितलेला नाही.

मग एकवीस दिवसात फरक पडला असं लोक म्हणतात ते खोटं बोलतात का, तर तसं नाही. होतं काय की काढा चालू केला की माणूस पथ्यही चालू करतो, चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, सकाळी उठून फुलं आणायला माळावर म्हणजे तेवढं चालणंही झालं. आठ-पंधरा दिवसात उपाशीपोटीची शुगर 30-40 नं खाली येते आणि श्रेय फुलांना जातं. आणि तपासतात तीही फक्त उपाशीपोटीची. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर म्हणजे एचबीए1सी, त्यामुळं हा आकडा मागच्या अडीच-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. एकवीस दिवसात तो पूर्ण बदलूच शकत नाही. म्हणून एकवीस दिवसाचा कोर्स सांगणाऱ्याला विचारा, तीन महिन्यानंतरचा एचबीए1सी किती आला होता, रिपोर्ट आहे का. रिपोर्ट नसतो हो, नुसतं फलाण्याची गोळी सुटली एवढंच असतं.

आणि शुगर वाढलेली असताना दुखत काहीच नाही, हे लक्षात घ्या. ऊसतोडीहून आलेला एक माणूस मला आठवतो. कोयत्याची बारीक जखम, घोट्याच्या खाली. त्यानं गोळी बंद केलेली, आणि जखम रोज तरवडाच्या सालीच्या काढ्यानं धूत होता, इमानदारीनं. वरून जखम कोरडी दिसायची, खपली धरलेली. मी बोटानं दाबलं तर त्याला कळलंच नाही, कडेनं पू आला, आणि शेजारचं बोट टोकाला काळं पडलेलं. शुगर 400 च्या वर होती. त्याला तिथूनच सर्जनकडं पाठवलं, पाय वाचला, बोट गेलं. साल वाईट नव्हती, तिचं काम तिनं केलं, वरची कातडी आकसून घेतली. आत काय चाललंय ते सालीला कळत नाही आणि मुंग्या येणाऱ्या पायालाही कळत नाही. आण्णांच्या पायाला मुंग्या येतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे सांगितलं. रोज रात्री त्यांचे तळपाय, बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः उजेडात बघायच्या. अनवाणी रानात जाणं बंद, आणि गरम पाण्यात पाय घालायच्या आधी पाणी दुसऱ्यानं हात घालून बघायचं.

फुलं का साल हे आता सांगतो. शुगरसाठी फुलं आणि कळ्याच. सालीत टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरपूर असतं, त्यामुळंच पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमवायला तरवडाची साल वापरली, मद्रासकडं तर त्यावर मोठा धंदा चालायचा. कातडं आवळून घट्ट करायचा जो गुण आहे तोच तोंड आलं, हिरड्या सुजल्या की गुळण्यांना कामाला येतो, आणि तेवढ्यासाठी मी साल वापरतो, गुळणी करून थुंकायची. रोज पोटात घेतली तर बद्धकोष्ठ होतं, भूक मंदावते, आणि जेवणातलं लोह अंगी लागत नाही. बियांचं वस्त्रगाळ चूर्ण डोळ्यात घालायचा जुना उपाय काही म्हाताऱ्या माणसांना माहीत असतो, डोळे आले की. तो करू नका, अजिबात करू नका. शुगरवाल्या माणसाचा डोळा आधीच नाजूक, त्यात पावडर गेली, ओरखडा पडला तर बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते.

फुलं कुठून आणता याला फार महत्त्व आहे. कापसाच्या, सोयाबीनच्या बांधावरची फुलं घ्यायची नाहीत, कारण नेमकं तरवड फुलतो तेव्हाच आपल्याकडं फवारण्या जोरात चाललेल्या असतात आणि वाऱ्यानं सगळं बांधावर येतं. डांबरी रस्त्याच्या कडेची पण नकोत. लांबच्या माळावरची, सकाळी दव उतरल्यावर, कळ्या आणि नुकतीच उमललेली फुलं खुडायची, घरी आणून कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवायची, मधूनमधून हलवायची. नीट वाळलेलं फूल पिवळंच राहतं आणि बोटात धरलं की चुरा होतो. काळं पडलं, मऊ राहिलं, कुबट वास आला तर फेकून द्यायचं, धुऊन परत वाळवायचं वगैरे नाही. काचेच्या बरणीत ठेवलं तर काही महिने टिकतं.

माझी पद्धत साधी आहे. वाळलेली फुलं साधारण एक मोठा चमचा, पाणी दोन कप, मंद आचेवर उकळून अर्धा कप राहिलं की गाळून कोमट प्यायचं, सकाळी एकदाच. गूळ, मध काही टाकायचं नाही, लोक कडवट लागतं म्हणून गूळ टाकतात आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून विचारतात. पण हे मी सगळ्यांना सरसकट देत नाही. आधी क्रिएटिनिन म्हणजे किडनीची तपासणी आणि लिव्हरच्या तपासण्या बघतो. कारण 1981 साली श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी तिथल्या औषधी वनस्पती तपासल्या, तेव्हा लिव्हरला अपाय करणारे घटक ज्या थोड्या वनस्पतींत सापडले त्यात तरवडही होता. शतकानुशतकं लोक पितात म्हणून शंभर टक्के निर्धोक असं मला म्हणता येत नाही. म्हणून महिनाभर देऊन थांबतो, तपासतो, गरज वाटली तरच पुढं. वर्षानुवर्षं रोज पीत राहणं मला मान्य नाही.

काहींना तर द्यायचाच नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मुलं, कावीळ होऊन गेलेला किंवा रोज दारू घेणारा, किडनी कमजोर असलेला. फिटच्या आजारासाठी कार्बामाझेपिनची गोळी घेणाऱ्याला तर नाहीच नाही, कारण उंदरांवरच्या प्रयोगात तरवडाचा चहा दिल्यावर त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं दिसलंय, आणि त्या गोळीत प्रमाण वाढणं म्हणजे विषबाधेकडं जाणं. रक्तवाढीच्या म्हणजे लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काढा आणि त्या गोळीत दोन तासाचं तरी अंतर ठेवा. आण्णांची बीपीची, हार्टची काही गोळी चालू असेल तर तुम्ही ते लिहिलेलं नाही, ते सांगा, त्यावरही अवलंबून आहे.

तुमच्या आण्णांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या. मेटफॉर्मिन एकटं असतं तर शुगर एकदम खाली पडायची भीती फारशी नसते, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतं, तुम्ही जेवा नाहीतर नका जेवू. त्यावर शुगर उतरवणारा काढा, आणि वरून उपास, हे तिन्ही एकत्र आलं की शुगर 70 च्या खाली जायला वेळ लागत नाही. आपल्याकडं नवरात्रात नऊ दिवस किंवा उठता-बसता म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास करणारी माणसं घरोघरी आहेत, कुणी तुळजापूरला पायी जातं, आणि नेमका तोच तरवडाच्या बहराचा मोसम, घटाची माळ करून उरलेल्या फुलांचा काढा करून पितात. दरवर्षी त्या दिवसात घाम फुटलेली, हातपाय थरथरणारी, बरळणारी माणसं माझ्याकडं आणतात आणि घरच्यांना वाटतं अंगात आलंय. अंगात काही आलेलं नसतं, शुगर पडलेली असते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा, पंधरा मिनिटांनी परत तपासा, कमीच असेल तर परत द्या, सावरलं की काहीतरी खायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. म्हणून काढा चालू करायचा असेल तर घरी ग्लुकोमीटर पाहिजेच, आणि उपासाच्या दिवशी काढा बंद. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी ग्लिमेपिराइडची मात्रा काय ठेवायची हे त्यांच्या डॉक्टरला आधीच विचारून घ्यायचं, आपल्या मनानं नाही.

अजून एक, आठवडी बाजारात किंवा फिरत्या गाडीवर तरवडाची म्हणून शुगरची पावडर मिळते, तिला हात लावू नका. बिनलेबलच्या पावडरीत काय आहे कुणालाच माहीत नसतं, आणि अशा पावडरीत ऍलोपॅथीच्या शुगरच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या निघाल्याची प्रकरणं देशात बऱ्याच ठिकाणी झालीत. एक चमचा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी शुगर 250 वरून 110 वर आली तर खूश होऊ नका, फुलांचा काढा इतक्या झपाट्यानं काम करत नाही.

आता आण्णांशी कसं बोलायचं. त्यांचा राग गोळीवर आहे, आयुष्यभर गोळी खायची म्हणजे आपण आजारी ठरलो असं आपल्याकडच्या माणसाला वाटतं, ते समजून घ्या. काढा चुकीचा आहे असं म्हणालात तर ते लपून पितील आणि गोळी पण लपून सोडतील, हे होणारच. त्यापेक्षा काढा आपण करू पण माझ्या अटीवर असं म्हणा. पहिल्या आठवड्यात काढा नाही, नुसत्या तपासण्या: क्रिएटिनिन, लिव्हर, लघवीतली प्रथिनं, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, तीन वर्षांत ती झाली नसेल तर नक्कीच. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानंही पायाला मुंग्या येतात, म्हणून बी12 पण करून घ्या, कमी निघालं तर त्यावर सरळ उपाय आहे. आणि गोळी चालू असताना 9.8 का आहे हे पण बघा, गोळी रोज घेतात का मधूनमधून विसरतात, बाहेर चहा किती होतो, रात्री जेवण किती वाजता. कित्येकदा तिथंच उत्तर मिळतं.

तपासण्या ठीक आल्या, डॉक्टरांना सांगून झालं, की मग काढा वर लिहिल्याप्रमाणं महिनाभर. त्या महिन्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी शुगर आठवड्यातून दोनदा वहीत लिहायची, तारखेसकट. बाकी ज्वारीची भाकरी मोजून, सोबत डाळ, उसळ आणि पालेभाजी भरपूर, रोज अर्धा-पाऊण तास चालणं, पायात बूट घालून. तीन महिन्यांनी परत एचबीए1सी. तो 7 च्या जवळ आला आणि वहीत 80-90 चे आकडे वरचेवर दिसायला लागले तर डॉक्टर स्वतःहून ग्लिमेपिराइड कमी करतील, कधीकधी बंदही करतात, मेटफॉर्मिन बहुतेक चालू ठेवतील. माझ्या बऱ्याच पेशंटची गोळी अशी कमी झालेली आहे, वजन उतरवून, खाणं सुधारून, वहीतले आकडे डॉक्टरपुढं ठेवून. आण्णांना गोळी कमी करायची असेल तर हा रस्ता आहे, आणि त्यात तरवडालाही जागा आहे. तोवर आजची गोळी आजच द्या, आणि क्रिएटिनिन, लिव्हरचे आकडे व बाकीच्या गोळ्यांची नावं इथं टाका, मग काढा चालू करायचा का नाही ते नक्की सांगतो.